वांग्यावरचं तेल

मशीन थांबलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिने झाकण उघडलं आणि आतल्या नळ्या एकेक करून स्टँडमध्ये लावायला सुरुवात केली. रक्त गरागरा फिरवलं की लाल सगळं तळाशी बसतं आणि वर सुकल्या गवताच्या रंगाचं पाणी उरतं. एकवीस वर्षं ती हे पाणी बघत आली होती. हल्ली बघतही नसे. हातच बघत, उचलत, लावत, पुढची नळी घेत. सतराव्या नळीपाशी मात्र हात थांबले. वरचं पाणी पांढरं होतं. पांढुरकं नव्हे, पांढरं, थोडा वेळ ठेवलं तर साय धरेल असं. महिन्या-दोन महिन्यांतून अशी एखादी नळी यायचीच. आली की बाजूला काढायची, वहीत खूण करायची, पुढे जायचं. तिने नळी उजेडाकडे धरली, फिरवून चिकटवलेला आकडा वाचला, चारशे बारा, आणि पुन्हा एकदा वाचला. चारशे बाराचा कागद सकाळी पावणेआठला खिडकीवर तिनेच भरला होता. 'काही खाल्लं-प्यायलं आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' असंही तिनेच लिहिलं होतं, नवऱ्याला न विचारता, कारण घरातून निघेपर्यंत चहाचं भांडं तिनेच त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं.

शेजारच्या टेबलावरचा जुना तंत्रज्ञ वाकून बघायला लागला. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, म्हणून त्याला सगळे दुहेरी चष्मा म्हणत. "अरे वा," तो म्हणाला, "हा माणूस आहे का दुधाची पिशवी? लोण्याने दात घासतो का विचार त्याला." ती हसली. हे हसणं तिला पुढे दिवसभर सलत राहिलं. माझा नवरा आहे, असं तिने म्हणायला हवं होतं, किंवा निदान गप्प तरी राहायला हवं होतं. पण जीभ उचलायचीच जिवावर आली आणि हसणं त्यामानाने सोपं होतं. दुपारी आकडे आले. ते तिने कागदावर उतरवले, दुसऱ्या कुणाचेही उतरवले असते तसे, नीट अक्षरात. एवढी चरबी रक्तात असली की स्वादुपिंड कधी दगा देईल सांगता येत नाही, हे तिला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. सोळा वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपत होती. त्याच्या कुशीवर वळण्याचा आवाज, घोरणं थांबून पुन्हा सुरू होईपर्यंतची ती पोकळी, सगळं तिला पाठ होतं, आणि आत हे असं पांढरं काहीतरी फिरत होतं याचा तिला पत्ता नव्हता. रोज दोनशे लोकांचं आतलं बघायचं आणि घरच्यांचं वरवर, असंच आपण जगलो का, असं तिच्या मनात आलं. मग पुढच्या नळ्या आल्या आणि तो विचार तिथेच राहिला.

नवरा गाडी चालवायला शिकवत असे. म्हणजे सगळा दिवस दुसऱ्याच्या शेजारी बसून असे, उजवा पाय जादाच्या ब्रेकवर ठेवून. संध्याकाळी घरी आला तरी खुर्चीत बसल्यावर त्याचा तो पाय ताठ असायचा, जणू समोरची भिंत कधीही अंगावर येईल. पाच वर्षांतून एकदा परवाना नवा करताना त्याला तब्येतीचा दाखला लागे, म्हणून हे रक्त. घरी पोचायच्या आधीच तिने त्याला खाली रस्त्यावर गाठलं; गाडीतच, काचा वर करून, त्याला आकडे सांगितले. "परवाना देतील ना?" त्याने विचारलं. "परवान्याचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "सोमवारी डॉक्टर गोळ्या देतील. पण तळलेलं बंद, लोणी बंद, आजपासून." त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बाबांना सांगू नकोस." "मग शनिवारचं काय करायचं?" त्याचा उजवा पाय ब्रेक असायला हवा त्या जागी दाबलेला.

शनिवार म्हणजे बाबांचं वांगं. तिचे सासरे बेचाळीस वर्षं पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टीवर होते. निवृत्त झाले आणि पंधरवड्यातच सासूबाई गेल्या. तेव्हा ती दोघं जाऊन बाबांना आपल्याकडे घेऊन आली, एक पेटी, एक उशी आणि ज्याची त्यांना फार काळजी होती तो जुना ओव्हन यांसकट. तीन महिने बाबा मधल्या खोलीतल्या खुर्चीत बसून होते. जेवायला बोलावलं की जेवत, दिवा लावला की डोळे मिटत. आणि मग एका शनिवारी सकाळी त्यांनी तिला विचारलं, "पोरी, इथे वांगी कुठे मिळतात?" तिला अजून तो क्षण आठवतो, हातातला झाडू, बाबांची नव्याने केलेली दाढी. सासूबाई दर शनिवारी वांग्याचे थर करायच्या म्हणे. वांग्याच्या जाड चकत्या, त्यांवर टोमॅटोचा रस, चीज, पुन्हा चकत्या, आणि वरून सगळं भट्टीतून लालसर काढलेलं. बाबांनी ते करायला घेतलं. कढईभर तेलात चकत्या तळल्या. तेल टोमॅटोतून वर येऊन कडेने तरंगत होतं. पहिल्या घासाला तिला मळमळलं होतं. पण नवऱ्याने ताट पुसून खाल्लं आणि ताट पुढे करून म्हणाला, "बाबा, अजून वाढा." बाबा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. त्या हसण्यापायी मग दर शनिवारी वांगं झालं आणि दर शनिवारी नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतलं. बाबांना बहुधा चव हवी तशी जमत नसावी, कारण दर वर्षी तेल थोडं वाढत होतं. अशी सहा वर्षं झाली. उरलेलं रविवारी, आणि कधी सोमवारच्या डब्यात.

एका वांग्याने रक्त दुधासारखं होत नाही, हे तिला कळत होतं. त्याला बसून बसून आलेलं पोट होतं, शिकाऊ लोकांबरोबर गाडीतच खाल्लेले बन होते, आणि घराण्यातून आलेलं काही असेल तर तेही होतं. पण बनांशी भांडायचं कसं? वांगं मात्र समोर होतं, दर शनिवारी, ठरल्या वेळी. गुरुवारी आणि शुक्रवारी ती काम करता करता मनात बाबांशी बोलत राहिली. बाबा, थोडं कमी तेलात करू या का? बाबा, तुम्ही दमता, यावेळी मी करते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला त्यांचा चेहरा दिसे आणि ती वाक्य मागे घेई. खरं तर ती दमली होती. बाबांच्या दोन आठवड्यांपूर्वीच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे, त्यांच्या थेंबांच्या चार वेळांमुळे, आणि आता या नळीमुळे; पण त्याहून जास्त, कुणाला काय सांगायचं नि कुणापासून काय लपवायचं याचा हिशोब डोक्यात सारखा चालू ठेवल्यामुळे. झोप पुरी होत होती आणि तरी सकाळी उठताना अंगावर ओलं घोंगडं असल्यासारखं वाटायचं.

शनिवारी नवरा बाबांना डोळा दाखवायला घेऊन गेला. परतायला एक तरी वाजेल म्हणाला. घर रिकामं झाल्यावर तिने बाजारातून चार वांगी आणली, मोठी, काळीजांभळी, देठ हिरवे बघून. बाबा येतील तेव्हा वांगं तयारच असलं तर बोलायची वेळच येणार नाही, असा तिचा बेत होता. दोन वांगी तिने चिरली. मीठ लावून ठेवायचं असतं असं कुठेतरी ऐकलं होतं, पण तेवढा धीर नव्हता. चकत्या ट्रेमध्ये लावल्या, जागा पुरेना म्हणून एकीवर एक चढवल्या, तेलाचा थेंबही न घालता ओव्हनमध्ये ढकलल्या आणि बटण फिरवलं. दुसरीकडे टोमॅटो शिजत ठेवले. अर्ध्या तासाने बघितलं तर वरच्या चकत्यांच्या कडा जुन्या चपलेच्या तळासारख्या झाल्या होत्या आणि खालच्या पांढऱ्याफटक होत्या, चावल्या की दाताखाली करकरत होत्या. टोमॅटोचं पाणी पाणीच राहिलं होतं. तिने तरी थर लावले. चीज नावाला किसून घातलं. पुन्हा आत ठेवलं. काचेतून बघत ती ओव्हनसमोर जमिनीवर बसली. लहानपणी आईने दिलेलं काम बिघडलं की ती अशीच बसायची, बिघडलेल्या वस्तूच्या समोर, जणू बघत राहिलं की ती सुधारेल. ट्रेच्या कडेने गुलाबी पाणी उकळत होतं. तिला वाटलं, इथेच आडवं व्हावं, या फरशीवर. आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली. साडेअकराच वाजले होते.

बाबा सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. तो त्यांनी वर केला. ओट्यावरच्या साली, पाट, सुरी, मग ती, मग ओव्हन, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं.

"आज शनिवार ना?" ते म्हणाले.

"हो बाबा. म्हटलं आज मीच करावं. तुमचा डोळा..."

"डोळा बरा आहे म्हणाला डॉक्टर." ते पुढे आले, वाकले, काचेतून पाहिलं. "पाणी सुटलंय याला. तळलं नाहीस?"

मागे नवरा उभा होता आणि मान हलवून नको नको म्हणत होता. ती उठून उभी राहिली. दोन दिवस मनात घोटून ठेवलेली सगळी वाक्यं तिथे होती, मऊ, बेताची. त्यांतलं एकही तोंडातून आलं नाही. "त्याचं रक्त पांढरं आलंय, बाबा," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुधासारखं. तुम्ही तळता, तो दोनदा घेतो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी आता नाही बघू शकत ते. मला नाही जमत आता."

आवाज वाढला होता. तिला तो स्वतःचा वाटला नाही. बाबांनी ओव्हनकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच." त्यात प्रश्न नव्हता. "तसं नाही हो बाबा," नवरा म्हणाला, पण बाबांनी चष्मा खाली घेतला, हाताने भिंत चाचपत ते आपल्या खोलीत गेले, आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

ती दोघं बोळात येऊन थांबली, बाबांच्या दारापासून दोन हातांवर. मग ती नवऱ्यावर उखडली, दबक्या आवाजात. तूच सांगायचं होतंस. तुझे वडील आहेत. तुला फक्त ताट पुढे करता येतं. सहा वर्षं मी त्या कढया घासतेय, तुला काय, तू बसून असतोस. गाडीत बस, खुर्चीत बस, मी सांगेन तेव्हा उठ. बोलता बोलताच तिला कळत होतं की हे वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, म्हाताऱ्याला बोलल्याचा राग नवऱ्यावर. पण थांबता येत नव्हतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला टेकून तो म्हणाला, "मला ते आवडतच नाही."

"काय?"

"बाबांचं वांगं. कधीच आवडलं नाही. पहिल्या दिवसापासून."

तिला हसू येत होतं आणि हसू आलं तर आपण रडू हेही कळत होतं. "मग अजून वाढा, अजून वाढा, ते काय होतं?"

"ते हसले होते ना त्या दिवशी." त्याने खांदे उडवले. "आणि आईचं तसं नसायचंच मुळी. आईने कधी तळलं नाही. तेलाची बाटली महिना महिना पुरायची आमच्या घरी. ती चकत्या सरळ भट्टीत घालायची."

"मग यांना तळायचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ते दिवसा झोपायचे ना. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून. त्यांना झोपेत चर्र चर्र ऐकू यायचं दर शनिवारी. उठले की समोर वांगं. ते धरूनच चालले की आई तळते. एकदा मला म्हणालेही, आईच्या तेलाचा आवाज अजून कानात आहे म्हणून." त्याने बाबांच्या दाराकडे पाहिलं. "ते तेल नव्हतं. इस्त्री होती. शनिवारी ती बाबांचे कारखान्यातले पांढरे कोट करायची, आठवड्याचे सहा. पाणी शिंपडायची आणि वरून इस्त्री फिरवायची. मी टेबलाखाली बसलेला असायचो. ओव्हनमध्ये वांगं आणि वर इस्त्री, एकाच वेळी. दोन्ही एकदम उरकायची."

"हे तू त्यांना का नाही सांगितलंस रे?"

"कसं सांगणार?" नवरा म्हणाला. "तेवढंच त्यांनी ऐकलेलं. तेही माझंच खरं म्हणून काढून घेऊ?"

दार उघडलं. बेचाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत झोपलेल्या माणसाला लोटलेल्या दाराआडून ऐकू येणार नाही असं त्यांना का वाटलं होतं, कोण जाणे. बाबांच्या हातात चष्मा होता आणि ऑपरेशनचा डोळा लाल दिसत होता. त्यातून पाणी येत होतं. पण ते थेंबांचं असेल, की उजेडाचं.

"सहा नव्हते," बाबा म्हणाले. "सात होते कोट. एक बदलीचा." आणि मग, "तिच्या हाताला डाग असायचे. इथे." त्यांनी मनगटाच्या आतली बाजू दाखवली. "मी म्हणायचो, तेल उडतं तर जरा लांब उभी राहत जा. ती हो म्हणायची. नुसतं हो म्हणायची."

तिला सासूबाई आठवल्या, फार थोड्या आठवल्या, कारण लग्नानंतरची भेट सणावारासारखी, वर्षातून दोनदा. बारीक अंगाची बाई, बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे बघायची. हो म्हणायची. का नाही सांगितलं त्यांनी? झोपलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून? की त्यांनाही संध्याकाळपर्यंत एवढा शीण व्हायचा की खरं सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं? तिला आपलं हसणं आठवलं, दुहेरी चष्म्यासमोरचं, आणि मान खाली गेली. "बाबा, मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"बोललीस ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "या घरात सगळे मूग गिळून बसलेले." ते स्वयंपाकघरात गेले, ओव्हन बंद केला, दार उघडलं, तिचा ट्रे बाहेर काढला आणि चमच्याने एक कोपरा उकरून तोंडात घातला. चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. "हे काय केलंयस ग?" ते म्हणाले, आणि ते इतक्या खऱ्या आश्चर्याने म्हणाले की नवरा फस्सकन हसला आणि तिलाही आवरेना. बाबांनी मात्र हसायचं मनावर घेतलं नाही. "वांगी उरलीत का?"

दोन होती. बाबांनी हात धुतले, कोपरापर्यंत, भट्टीवर जाताना धूत असतील तसे. आधी ओव्हन रिकामाच तापायला लावला. "गार भट्टीत माल घालायचा नाही. आधी ती तापली पाहिजे, मग आपण." चकत्या त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या कापल्या, सगळ्या सारख्या, मीठ चोळून चाळणीत उभ्या करून ठेवल्या. "आता अर्धा तास हात लावायचा नाही. याच्यातलं पाणी याला स्वतःला सोडू दे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "ती काय करायची? सांग."

नवरा ओट्याला टेकून आठवायला लागला. तिने त्याला असं आठवताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलाखालून दिसायचं तेवढंच त्याला माहीत होतं: आईचे पाय, ओव्हनचं खालचं दार. दार दोनदा उघडायचं. पहिल्यांदा उघडलं की ती चकत्या उलटायची, हातानेच, हाय हुय करत. तेल? "एक ब्रश होता," तो म्हणाला. "लाकडी मुठीचा. त्याने पुसल्यासारखं करायची." "माझा ब्रश," बाबा म्हणाले. "पावाला चकाकी लावायचा. कारखान्यातून आणला होता मी. मला वाटलं हरवला." त्यांनी वाटीत दोन चमचे तेल घेतलं आणि ब्रश नव्हता म्हणून स्वच्छ फडक्याची गुंडाळी केली. चकत्या पुसून कोरड्या केल्या. एकेका चकतीवर फडकं फिरवताना त्यांचा हात हलका पडत होता, आणि तिच्या ध्यानात आलं, सहा वर्षांत त्यांनी या ओट्यावर आपलं कसब कधी वापरलंच नव्हतं. बायकोचं काम म्हणून करत होते, चाचपडत, ऐकीव. आता ते भट्टीवाले होते. चकत्या एकमेकींना न टेकता मांडल्या, ट्रे वरच्या कप्प्यात गेला, आणि दार लावल्यावर बाबांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. नाक पुढे करून उभे राहिले. टोमॅटोखालचा जाळ त्यांनी वाढवायला लावला. "आटव. चमचा फिरवल्यावर मागे रस्ता राहिला पाहिजे." तिने आटवलं. रस्ता राहिला. थर लागले. चीज फक्त सगळ्यात वर, तेही हात राखून.

तीन वाजता ते जेवायला बसले. पोटात कावळे कोकलत होते. चकत्या मऊ झाल्या होत्या, कडेने लाल, आत मलईसारख्या, आणि थाळीत तेलाचं एक वर्तुळसुद्धा उमटलं नाही. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि खाली बघून चावत राहिला. बाबांनी त्याला विचारलं नाही. स्वतः घास घेतला आणि लगेच तोंड उघडून हवा आत ओढली. "गरम आहे," ते म्हणाले. मग पाणी पिऊन, थोडं थांबून, "मी गरम कधी खाल्लंच नव्हतं हे. उठायचो तेव्हा निवलेलं असायचं." "तसंच आहे?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने विचार केला. "जवळपास," तो म्हणाला. "आई मीठ जास्त घालायची." आणि बाबा म्हणाले, "हां. मीठ ती जास्त घालायची. ते मला माहीत आहे." हे त्यांनी ज्या ठामपणे सांगितलं तो ठामपणा ऐकून तिला बरं वाटलं. एवढं तरी त्यांचं होतं, भिंतीच्या अलीकडचं.

सोमवारी डॉक्टर रागावले, गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, आणि परवान्याचा दाखला तीन महिन्यांत पुन्हा रक्त तपासायच्या अटीवर दिला. तीन महिन्यांनी नळीतलं पाणी पार गवताच्या रंगाचं झालं नाही, पण त्यातून पलीकडचं बोट दिसायला लागलं. हे सगळं पुढचं. त्या दुपारी जेवणं झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे झोपायला उठले, दोन पावलं गेले, आणि परत फिरून मुलासमोर खुर्ची ओढून बसले. "अजून काय काय होतं?" त्यांनी विचारलं. "कशात?" "भिंतीपलीकडे. मी झोपलेला असताना. तुम्ही काय करायचात दिवसभर?" नवरा गोंधळला. "खास काही नाही हो," तो म्हणाला. "खास नको. असंच सांग." आणि नवरा सांगायला लागला, अडखळत, शाळेतून आल्यावर बूट दाराबाहेर काढायचे ते सांगायला लागला, आवाज होऊ नये म्हणून, आणि हळू बोलायची आईची आणि त्याची एक भाषाच होती, अर्धी खुणांची.

तिने ताटं गोळा केली. धुवायला घ्यायची ताकद नव्हती. नळाखाली तशीच ठेवली. तिचं काही तिथे अडलं नव्हतं. त्यांच्या मधून जाऊन आपल्या खोलीत जायचं तर बोलणं थांबलं असतं, म्हणून ती जवळच्या, बाबांच्याच खोलीत शिरली आणि त्यांच्या पलंगाच्या कडेवर टेकली. पडदे ओढलेले. उशाशी थेंबांची बाटली. मग ती आडवी झाली, चपला पायातच ठेवून. भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत होते, एक जाड, एक मधेच विचारणारा. शब्द कळत नव्हते. कान दिला असता तर कळले असते. एकदा खुर्ची सरकली, एकदा कुणीतरी हसलं, कोण ते तिला ओळखू आलं नाही. जाऊ दे, ती स्वतःशी म्हणाली, आणि कुशीवर वळून झोपली.